रग्बी लीग खेळणारी होतकरू मुले : त्यांचा खेळ वाढत राहावा म्हणून पालकांनी काय करावे?

"डॉक्टर, पाच दिवसांतच डोके दुखायचे थांबले. येत्या रविवारी निवड चाचणी आहे. खेळायला हरकत नाही, एवढे लिहून द्या."

चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले एक बाबा मला सांगत होते. मुलगा खाली मान घालून बसला होता. नऊ दिवसांपूर्वीच्या सामन्यात त्याचे डोके समोरच्या मुलाच्या गुडघ्यावर आपटले होते. प्रशिक्षकांच्या मते तो त्याच्या गटातल्या सर्वांत हुशार खेळाडूंपैकी एक. ही चाचणी हुकली तर वर्ष गेले, अशी घरात सगळ्यांची समजूत होती.

मी पश्चिम सिडनीत जनरल प्रॅक्टिस करते. मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे पेठेपेठेत तालीम असते, तसे इथे उपनगरागणिक रग्बी लीगचे क्लब आहेत. २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षे राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या पेनरिथ संघातले अनेक खेळाडू इथल्याच परिसरातल्या मुलांच्या क्लबांतून वर आले. त्यामुळे इथे वाढणाऱ्या मराठी मुलामुलींनाही हा खेळ खुणावतो. आईबाबा मात्र क्रिकेटवर वाढलेले. आपल्या मुलाला खेळात गती आहे असे प्रशिक्षक सांगतात, तेव्हा आनंद होतो आणि भीतीही वाटते. काही जण मुलाला जास्तीत जास्त सरावाला जुंपतात, काही जण घाबरून खेळच बंद करतात.

या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग दाखवण्यासाठी हा लेख आहे. त्याचा गाभा एवढाच, की कौशल्य तयार व्हायला वर्षे लागतात. ती वर्षे मुलाला धडधाकट शरीराने आणि खेळाच्या आवडीसह मिळावीत, हे पाहणे पालकांचे काम आहे.

हा खेळ शरीराकडून काय मागतो?

रग्बी लीगमध्ये प्रत्येक संघात १३ खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन पुढे पळता येते, पण हाताने पास देताना तो पुढे टाकता येत नाही. चेंडू घेऊन येणाऱ्याला अडवून पकडणे म्हणजे टॅकल. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा, फक्त समोरचा वेगाने अंगावर धावून येत असतो. चेंडू असलेल्या संघाला अशा सहा पकडी मिळतात. सहाव्या पकडीनंतर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो.

म्हणजे पळणे, थांबणे, धडकणे, पडणे आणि उठून पुन्हा रांगेत उभे राहणे हे चक्र सामनाभर चालते. मैदानावरच्या प्रत्येकाला टॅकल करावा लागतो आणि प्रत्येकावर टॅकल होतो. वेग, ताकद आणि दम लागतोच. पण वरच्या पातळीवर फरक पडतो तो चेंडू झेलणे, दोन्ही बाजूंना अचूक पास देणे, सुरक्षित टॅकल करणे, लाथ मारणे आणि क्षणात निर्णय घेणे यांमुळे. ही कौशल्ये रोज थोडी थोडी, अनेक वर्षे घोटावी लागतात.

मोठे अंग म्हणजे मोठा गुण नव्हे

इथे एकाच कॅलेंडर वर्षात जन्मलेली मुले साधारणपणे एका वयोगटात खेळतात. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. त्यातच एखाद्याचे वयात येणे बाराव्या वर्षी सुरू होते, एखाद्याचे चौदाव्या. त्यामुळे तेराचौदा वर्षांच्या गटात एक मुलगा पुरुषासारखा दिसतो आणि दुसरा अजून लहान मूल असतो. निवड करणाऱ्यांचे लक्ष साहजिकच पहिल्याकडे जाते. इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या निवडींवर झालेल्या अभ्यासांत हेच दिसले: वयोगटाच्या वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली आणि लवकर वयात आलेली मुले जास्त निवडली जातात. पण उशिरा वाढणारी मुले पुढच्या वर्षांत ताकद आणि वेग यांतली तफावत भरून काढू लागतात, असेही त्या अभ्यासांत आढळले.

यातून पालकांनी दोन गोष्टी घ्याव्यात.

• तुमचे मूल अंगाने लहान असेल, तर आत्ताची नाकारलेली निवड हा त्याच्या गुणांवरचा अंतिम निकाल नाही. या काळात त्याने पास, झेल, पायांची हालचाल आणि खेळ ओळखण्याची नजर यांवर भर द्यावा. अंग भरल्यावर हीच शिदोरी कामी येते.
• तुमचे मूल अंगाने मोठे असेल, तर नुसत्या ताकदीवर सामने जिंकण्याची सवय लागू देऊ नका. सोळासतराव्या वर्षी बाकीची मुले त्याच्याएवढी होतात आणि ज्याने पास देणे शिकलेच नाही, तो मागे पडतो.

उंची वाढण्याची वर्षे सांभाळा

मुलींची उंची सरासरी बाराव्या आणि मुलग्यांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. या टप्प्यात मुलगा वर्षाला ८ ते १० सेंटीमीटर वाढू शकतो. हाडे आधी लांब होतात, स्नायू आणि त्यांची पकड मागून जुळवून घेतात. म्हणून कालपर्यंत सफाईने पळणारे मूल अचानक धांदरट वाटू लागते, झेल सुटतात, पाय अडखळतो. पालकांना वाटते, लक्ष नाही. खरे तर त्याचा मेंदू नव्या लांबीच्या हातापायांशी नव्याने ओळख करून घेत असतो. काही महिन्यांत हे सुधारते. त्या काळात ओरडू नका.

दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, भिंतीला उभे करून उंची मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वाढ दिसली, तर वेगवान वाढीचा काळ चालू आहे असे समजा. तेव्हा धावणे, उड्या आणि टॅकलचा सराव थोडा कमी करा. चेंडू हाताळण्याचा आणि तोल सांभाळण्याचा सराव वाढवा.

या वयात दोन दुखणी वारंवार दिसतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखते आणि तिथे टेंगूळ येते, त्याला ऑसगूड-श्लाटर म्हणतात. टाचेच्या मागच्या बाजूला दुखते, त्याला सेव्हर्स म्हणतात. दोन्हींमध्ये वाढणाऱ्या हाडाच्या टोकावर स्नायूंचा ताण येतो. बहुतेक वेळा खेळ पूर्ण बंद करावा लागत नाही. दुखणे सोसवेल एवढा भार ठेवणे, बर्फाचा शेक आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम यांनी काम भागते.

मात्र पुढील गोष्टी दिसल्यास डॉक्टरांना दाखवा:

• मूल लंगडत असेल
• रात्री दुखून झोपमोड होत असेल
• सांध्यावर सूज असेल किंवा ताप असेल
• जांघेत, मांडीत किंवा गुडघ्यात दुखत असेल आणि खुबा नीट वळत नसेल

शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. वाढीच्या वयात खुब्याच्या हाडाचे टोक जागेवरून घसरण्याचा एक आजार होतो, जास्त वजनाच्या मुलांत अधिक. त्यात दुखणे गुडघ्यात जाणवते, पण दोष खुब्यात असतो. लंगडणाऱ्या मुलाला त्याच दिवशी दाखवा आणि तोवर त्या पायावर भार देऊ नका.

तीन प्रशिक्षक, शरीर एकच

न्यू साउथ वेल्समध्ये निवडलेल्या मुलांसाठी १७ वर्षांखालील हॅरॉल्ड मॅथ्यूज कप आणि १९ वर्षांखालील एस. जी. बॉल कप आहे. मुलींसाठी त्याच वयोगटांत लिसा फियाओला कप आणि टार्शा गेल कप आहेत. क्वीन्सलंडमध्ये मुलग्यांसाठी सिरिल कॉनेल आणि माल मेनिंगा कप आहेत. या स्पर्धा वर्षाच्या सुरुवातीला होतात, म्हणून त्यांची तयारी आदल्या वर्षाच्या अखेरीसच सुरू होते. मग हिवाळ्यात क्लबचे सामने आणि मधूनमधून शाळेचा संघ. प्रत्येक प्रशिक्षक आपल्यापुरता योग्य सराव देतो. पण एकूण बेरीज कोणीच करत नाही. ती बेरीज घरात झाली पाहिजे.

सोपी पद्धत अशी. प्रत्येक सरावानंतर अर्ध्या तासाने मुलाला विचारा, "शून्य ते दहामध्ये आज किती दमलास?" तो आकडा मिनिटांनी गुणा. ६० मिनिटांच्या सरावाला त्याने ६ सांगितले, तर त्या दिवसाचा भार ३६०. आठवड्याची बेरीज करा. एखाद्या आठवड्यात ती एकदम खूप वर गेली, तर एक सराव कमी करायला प्रशिक्षकांना सांगा. वही दाखवली की बहुतेक प्रशिक्षक ऐकतात.

याशिवाय बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यातले तीन साधे नियम पाळा.

• आठवड्यातला संघटित सराव आणि सामने यांचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. १४ वर्षांच्या मुलाला १४ तास ही कमाल मर्यादा समजा.
• आठवड्यातून एक ते दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी.
• वर्षभरात मिळून दोन ते तीन महिने या खेळापासून विश्रांती हवी. ती एकेका महिन्याच्या तुकड्यांतही चालते.

सुट्टीच्या काळात मूल क्रिकेट, पोहणे किंवा ओझटॅग खेळले तर उत्तम. लहान वयात एकाच खेळाला वाहून घेतल्याने अतिवापराच्या दुखापती आणि कंटाळा दोन्ही वाढतात.

सुरक्षित टॅकल हेसुद्धा कौशल्यच

या खेळातल्या डोक्याच्या बहुतेक दुखापती टॅकलमध्ये होतात आणि अनेकदा पकड करणाऱ्यालाच होतात, कारण त्याचे डोके चुकीच्या जागी येते. म्हणून सराव पाहायला जाल, तेव्हा या गोष्टी शिकवल्या जातात का ते पाहा: पाय समोरच्याच्या जवळ नेणे, नजर वर, पाठ सरळ, धडक खांद्याने आणि डोके समोरच्याच्या अंगाच्या बाजूला, पुढ्यात नाही. दमलेल्या मुलाचे हे तंत्र आधी बिघडते, म्हणून टॅकलचा सराव सत्राच्या शेवटी ठेवू नये.

सामन्याआधी नुसत्या दोन फेऱ्या पळणे पुरेसे नाही. इंग्लंडमधल्या शाळांत रग्बी युनियन खेळणाऱ्या मुलांवर झालेल्या अभ्यासात तोल, उडी मारून नीट उतरणे, मान आणि पायांची ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून किमान तीनदा केल्यावर दुखापती आणि कन्कशन दोन्ही बरेच कमी झाले. असे व्यायाम १५ ते २० मिनिटांत होतात.

दातांसाठी दंतवैद्याकडून मापाचा माउथगार्ड करून घ्या आणि दात-जबडा वाढत असल्याने दरवर्षी तपासून घ्या. तो दात वाचवतो. कन्कशन टाळेल अशी खात्री मात्र देता येत नाही.

कन्कशन : इथे तडजोड नाही

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. त्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. बहुतेक मुले पडत नाहीत. डोक्याला थेट मार न लागता अंगाला जोरात धक्का बसूनही तो होऊ शकतो. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, कारण बिघाड मेंदूच्या कामात असतो, स्कॅनवर दिसेल अशा जखमेत नसतो. म्हणून "स्कॅन नॉर्मल आहे" याचा अर्थ "खेळायला तयार आहे" असा होत नाही.

लक्षणे: डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, उजेड किंवा आवाज सहन न होणे, विसरणे, धूसर दिसणे, सुस्ती, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे, झोप बिघडणे. काही लक्षणे दुसऱ्या दिवशी उगवतात. शंका आली तरी त्या दिवसापुरता खेळ तिथेच संपला.

ताबडतोब ००० वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा, जर:

• मान दुखत असेल, किंवा हातापायांत मुंग्या अथवा अशक्तपणा असेल
• वारंवार उलट्या होत असतील
• फिट आली असेल
• डोकेदुखी वाढत चालली असेल
• दोन दोन दिसत असेल
• मूल गोंधळलेले, अस्वस्थ किंवा गुंगीत जात असेल

मान दुखत असेल तर मुलाला हलवू नका. ऑस्ट्रेलियाबाहेर राहत असाल, तर तिथला तातडीचा क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या.

ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी दोन अटी आहेत. पहिली, धडकेचा सराव सुरू करण्याआधी सलग १४ दिवस कोणतेही लक्षण नसावे. दुसरी, धडकेचा सामना खेळण्याआधी दुखापतीपासून किमान २१ दिवस गेलेले असावेत. दोन्ही पूर्ण व्हायला हव्यात आणि शेवटी डॉक्टरांची परवानगी हवी. ब्रिटनच्या सामुदायिक खेळांसाठीच्या सूचनाही याच धर्तीवर आहेत.

सुरुवातीच्या मुलाचा हिशेब करून पाहू. डोकेदुखी पाचव्या दिवशी थांबली. त्यात १४ मिळवले की धडकेचा सराव एकोणिसाव्या दिवशी आणि सामना लवकरात लवकर एकविसाव्या दिवसानंतर. चाचणी होती पंधराव्या दिवशी. डोकेदुखी दहा दिवस टिकली असती, तर धडकेचा सरावच चोविसाव्या दिवशी सुरू झाला असता. २१ हा आकडा किमान आहे, मुदत नाही.

एवढे कडक का? सावरत असलेल्या मेंदूला दुसरा हादरा बसला तर लक्षणे आठवड्यांऐवजी महिनोन् महिने रेंगाळू शकतात. क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीवही जातो, आणि हे प्रामुख्याने किशोरवयात घडलेले आहे. शिवाय अशा काळात प्रतिसाद मंद असतो, त्यामुळे गुडघा किंवा खांदा दुखावण्याचा धोकाही वाढतो.

पहिले एकदोन दिवस घरी आराम, स्क्रीन कमी, दुखले तर पॅरासिटामॉल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन, इबुप्रोफेन किंवा झोपेची औषधे देऊ नका. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवण्याची गरज नाही. हलके चालणे फायद्याचे असते. आधी शाळा पूर्ववत, मग खेळ पूर्ववत, हा क्रम ठेवा.

दुखापतीचे दिवस वाया जात नाहीत

मुले लक्षणे लपवतात ती बहुधा मागे पडण्याच्या भीतीने. म्हणून या दिवसांत काय करता येईल हे त्यांना स्पष्ट सांगा. कन्कशनमध्ये लक्षणे शमत गेली की आधी हलके पळणे, मग धडक नसलेला पासचा आणि लाथेचा सराव टप्प्याटप्प्याने करता येतो. एखादी पायरी चढल्यावर लक्षणे लक्षणीय वाढली, तर दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली यायचे. घोटा मुरगळला असेल, तर बसून दोन्ही हातांनी पास घोटता येतात. खांदा निखळला असेल, तर पायांचे व्यायाम करता येतात. आजारी नसलेले मूल संघाबरोबर सीमारेषेवर बसून खेळ पाहू शकते, आणि खेळ ओळखण्याची नजर अशी पाहूनही तयार होते.

पहिल्यांदा निखळलेला खांदा तरुण वयात पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते. म्हणून दुखणे थांबले एवढ्यावर परत उतरू नका. ताकद दोन्ही बाजूंना सारखी झाली का, हे तपासून घ्या.

खुराक आणि झोप

आमच्या कोल्हापुरात पैलवानाचा खुराक प्रसिद्ध. रग्बी लीगच्या मुलालाही खुराक लागतोच, पण तो डब्यातल्या पावडरीतून यावा असे नाही. वाढत्या वयातल्या खेळाडूला दररोज किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. ५५ किलोच्या मुलाला म्हणजे सुमारे ६५ ते ९० ग्रॅम. मोठा ग्लासभर दुधात सुमारे ८ ग्रॅम, एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २५ आणि शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये २७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणखी सातआठ ग्रॅमची भर घालते. एकाच जेवणात सगळे न कोंबता दिवसभरात वाटून द्या.

भात, पोळी, भाकरी, पोहे कमी करू नका. पळायला ऊर्जा तीच देतात. सरावानंतर केळे आणि दूध, किंवा शेंगदाण्याचा लाडू आणि ताक हे सोपे खाणे आहे. उपवासाच्या दिवशी धडकेचा सराव टाळलेला बरा. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, म्हणून त्या दिवशी दूध, दही, शेंगदाणे वाढवा.

शाकाहारी मुलांत बी-१२ आणि लोहाची, तर सावळ्या कातडीच्या आपल्या मुलांत इथल्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता मला नेहमी आढळते. सतत थकवा असेल तर रक्त तपासून घ्या, मनाने गोळ्या सुरू करू नका. सप्लिमेंटच्या डब्यांत लेबलवर नसलेले, खेळात बंदी असलेले पदार्थ सापडू शकतात आणि त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते.

झोप मात्र बिनपैशाचा सर्वोत्तम खुराक आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास लागतात. दिवसा शिकलेले कौशल्य मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते.

मुलींच्या पालकांसाठी

महिलांची राष्ट्रीय लीग २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून मुलींनाही पुढे वाट दिसते आहे. वयात आल्यानंतर मुलींमध्ये गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलग्यांपेक्षा जास्त असतो. म्हणून उडी मारून गुडघे आत न वळवता उतरण्याचा सराव त्यांनी वर्षभर करावा. तो तुटून शस्त्रक्रिया झालीच, तर किमान नऊ महिने आणि ताकदीची चाचणी पार केल्याशिवाय सामना नको.

पाळी नियमित येत असलेल्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, तर "सरावामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. व्यायामाच्या मानाने खाणे कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. डॉक्टरांना दाखवा.

निवड झाली नाही, तर

वरच्या पातळीवर जाणारी मुले थोडीच असतात. बहुतेकांना कधी ना कधी यादीत आपले नाव नाही हे वाचावे लागते. त्या दिवशी घरात काय बोलले जाते, ते मुलाच्या लक्षात राहते. सामन्यानंतर गाडीत बसल्यावर चुकांचा पाढा वाचू नका. "तुला खेळताना बघायला मजा आली" एवढे पुरते. चुका प्रशिक्षक सांगतील.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल गप्प गप्प असेल, खाणे-झोप बिघडली असेल, मित्र टाळत असेल, तर जीपींना भेटा. ते मानसिक आरोग्याची उपचार योजना तयार करून देऊ शकतात. १२ ते २५ वर्षांच्या मुलांसाठी हेडस्पेस ही सेवा आहे. किड्स हेल्पलाइन १८०० ५५ १८०० आणि लाइफलाइन १३ ११ १४ या क्रमांकांवर कधीही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर थांबू नका, ००० वर फोन करा.

उलट बाजूने, अकरावी-बारावी आली म्हणून खेळ एकदम बंद करणेही हिताचे नाही. सराव कमी करा, एक संघ सोडा, पण मैदान पूर्ण तोडू नका. झोप, मन आणि अभ्यास तिन्हींना हालचालीचा आधार असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वजने उचलल्याने उंची खुंटते का?
नाही. जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, आधी तंत्र आणि मग हळूहळू वजन अशा क्रमाने केलेला ताकदीचा व्यायाम सुरक्षित आहे आणि दुखापती कमी करतो. एकट्याने, पैज लावून जास्तीत जास्त वजन उचलणे धोक्याचे.

डोक्यावरची मऊ टोपी घातली की कन्कशन टळते का?
नाही. ती कानांचे घासणे आणि वरवरच्या जखमा कमी करते. "टोपी आहे" म्हणून मूल बेफिकीर धडकू लागले, तर उलट नुकसान.

क्रिएटिन द्यावे का?
१८ वर्षांखालील मुलांना बालरोगतज्ज्ञ ते सुचवत नाहीत. या वयात आहार, झोप आणि सराव नीट असेल तर त्याची गरज पडत नाही.

टॅकलनंतर एका हातात झिणझिण्या आल्या आणि गेल्या. पुढे खेळू द्यावे का?
त्या दिवशी नाही. मानेतली नस ताणली गेल्याने असे होते. डॉक्टरांनी मान आणि हात तपासल्याशिवाय परत उतरू नये. दोन्ही हातांत किंवा पायांत असे झाले, तर ते मणक्याचे लक्षण समजून मुलाला न हलवता रुग्णवाहिका बोलवा.

थोडक्यात

• उंची तीन महिन्यांनी मोजा, सरावाची वही ठेवा.
• आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात दोन-तीन महिने विश्रांती द्या.
• कन्कशनमध्ये १४ आणि २१ दिवसांचे दोन्ही नियम पाळा, सामना कोणताही असो.
• लंगडणाऱ्या मुलाला खेळवू नका.
• निवड झाली नाही तरी मूल आणि मैदान यांचे नाते टिकवा.

त्या बाबांना मी प्रमाणपत्र दिले नाही. ते रागावून गेले. मुलगा दाराशी थांबून म्हणाला, "वाचताना अजून ओळी हलतात, पण मी घरी सांगितले नव्हते." म्हणजे तोवर १४ दिवसांची मोजणी सुरूच झालेली नव्हती. त्या वर्षी त्याची निवड हुकली. पुढच्या हंगामात तो आपल्या जुन्या क्लबकडून खेळत होता आणि डाव्या हाताचा पास सुधारण्यात गुंतला होता. पुढे तो कुठवर जाईल हे मला सांगता येणार नाही. पण मुलाला एकट्याने, शांतपणे विचारा: "खरे सांग, आज कसे वाटते आहे?" आणि तो जे सांगेल त्यासाठी त्याला रागावू नका.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाची तपासणी आणि उपचार यांबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.